वाटसरूला काय विचारावे, काय सांगावे

टेंभुर्णीहून पंढरपूरकडे निघाले की पंढरपूरच्या अलीकडे सुमारे वीस किलोमीटरवर करकंब लागते. गावाला रेल्वे स्टेशन नाही. आगगाडीने जायचे तर मोडनिंब, कुर्डुवाडी नाही तर पंढरपूर गाठावे लागते. त्यामुळे येथल्या माणसाचा कोणताही लांबचा प्रवास एस.टी.च्या स्टँडावर किंवा वडापच्या जीपमध्ये सुरू होतो, आणि गाडी यायच्या आधीच दोन प्रश्न त्याच्यापुढे येतात. "पाव्हणं, कुठनं येणं झालं?" हा पहिला, आणि "आता कुठं निघायचं?" हा दुसरा. शहरात राहून आलेल्याला हे प्रश्न भोचकपणाचे वाटतात. मंडळी, मला तसे वाटत नाही. माणूस घर सोडून हिंडू लागला तेव्हापासून तो वाटेवरच्या दुसऱ्या माणसाला हेच विचारीत आला आहे, कारण पुढे काय आहे हे पुढून येणाऱ्यालाच ठाऊक असते.

उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवाळीची लागते. शिक्षक मंडळी सहकुटुंब बाहेर पडतात. सुगी उरकली की शेतकरीही आईवडिलांना घेऊन कुठे देवाला निघतो. वर्षाची शिल्लक त्या एका प्रवासात खर्च होते, आणि बरोबर म्हातारे माणूस असते. अशा वेळी वाटेवर मिळालेला सल्ला कसा पारखून घ्यावा आणि आपण दुसऱ्याला तो कसा द्यावा, एवढेच आज सांगायचे आहे.

करकंबकरांना याचा धडा घ्यायला लांब जायला नको. आषाढीला त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी आणि पैठणहून एकनाथांची पालखी, या दोन्ही करकंबवरून पंढरीला जातात. दिंडी उतरली, भाकरी झाली, की भजनाला बसेपर्यंतच्या मोकळ्या वेळात वारकऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसा आणि नुसते ऐका. पुढच्या मुक्कामाला पाणी कसे आहे? शाळेच्या खोल्या मिळतात की राहुट्या ठोकाव्या लागतात? पायाला फोड आला तर तो फोडावा की नाही? पहिल्यांदा वारीला आलेल्या पोराला एखादा म्हातारा सांगत असतो की माउली, वारीला नवी चप्पल घालून कधी निघू नये. जुनी, पायात मुरलेली घालावी. पथारीखाली प्लॅस्टिकचा कागद हवा, आणि तो पाठीवरच्या पिशवीत वरच ठेवावा, कारण पाऊस आला म्हणजे तळातला कागद काढेपर्यंत सगळेच भिजते. ही विद्या कोणत्या पोथीत नाही. तिचे गुरू वाटेवर भेटतात आणि वाटेवरच निरोप घेतात.

एके काळी ही विद्या जिवाची होती. एकोणिसाव्या शतकात यात्रेत पटकी शिरली म्हणजे गावोगावची माणसे दगावत, आणि परतणारे यात्रेकरू तो रोग बरोबर घेऊन जात. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉक या जर्मन डॉक्टरने १८८३-८४ मध्ये ईजिप्त आणि कलकत्त्याला ओळखला. त्याआधी पाणी उकळून प्या असे सांगणारा वाटसरूला सहसा भेटत नसे. "अमक्या गावात रोग आहे, तिथे उतरू नका, पुढे चला" एवढा वाटसरूचा शब्दच काय तो औषध होता. ज्याने तो वेळेवर ऐकला तो घरी आला.

आणि हा शब्दसुद्धा सगळ्यांसाठी सारखा नव्हता, हे विसरून चालणार नाही. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याचा प्रश्न पाणी गोड आहे का, एवढाच नसे. तेथे आपल्याला पाणी भरू देतात का, हा त्याचा पहिला प्रश्न. आंघोळीला, उतरायला, स्वयंपाकाला जागा कोठे, हे त्याला आपल्यातल्याच अनुभवी माणसाकडून समजून घ्यावे लागे. गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, तेव्हा उतरायला हक्काची जागा झाली. पुढे १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतर. तोवर 'पंढरीची वाट' एकच असली, तरी त्या वाटेवरची माहिती निरनिराळी होती.

पायवाटेनंतर आगगाडी आली. बार्शी लाइट रेल्वेचा पहिला तुकडा, कुर्डुवाडी ते बार्शी, १८९७ मध्ये सुरू झाला. ती गाडी पंढरपूरपर्यंत आली १९०६ मध्ये आणि मिरजेपर्यंत गेली १९२७ मध्ये. अडीच फूट रुंदीचा रूळ. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, आणि कुर्डुवाडी-पंढरपूर भागात रुंद रूळ पडले ते या शतकाच्या आरंभी. जुन्या लोकांना या गाडीची चाल आठवते. तिच्या संथपणाची थट्टा पुष्कळ झाली आहे, पण त्या संथपणाचा एक फायदा होता. समोरासमोर बसलेल्या माणसांना बोलायला वेळ मिळे. लातूरकडचा मिरजेकडच्याला बाजारभाव सांगे, मिरजेकडचा कोल्हापूरला कोठे उतरावे ते सांगे. आजची गाडी आपल्याला लवकर पोहोचवते आणि डब्यात जो तो आपल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसतो. मोबाइल वाईट असे मी म्हणत नाही. रस्ता कोठे वळतो ते तो अचूक दाखवतो. मात्र धर्मशाळेच्या जिन्याला कठडा आहे की नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या आईला तो चढवेल की नाही, ते त्याला पुष्कळदा सांगता येत नाही.

वाटसरूच्या शब्दाची किंमत किती असते याचे एक फार मोठे उदाहरण मराठीत लिहून ठेवलेले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, असे कानावर आले होते. ही झाली पहिली बातमी. दुसरी बातमी मिळाली महूच्या अलीकडे. वाटेत भेटलेल्या शिपायांनी त्यांना सांगितले की काडतुसांवरून फौजेत असंतोष आहे आणि आता मोठा दंगा होणार. भटजींनी ऐकले आणि तरीही ते पुढे गेले. पुढे त्यांनी झाशीचा वेढा आतून पाहिला, लूट पाहिली, जिवावरचे प्रसंग सोसले, आणि गंगेची कावड घेऊन घरी परत आले. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापून काढले. शिक्षकांनी ते जरूर वाचावे. त्यात मला नेहमी नवल वाटते ते त्या शिपायांचे. अनोळखी भिक्षुकाला इतकी मोठी गोष्ट सांगायचे त्यांना काय अडले होते? पण वाटेवर माणूस सांगतो. ओळखीच्याला सांगणार नाही ते परक्याला सांगतो.

आता आपल्या कामाचे बोलू. कोणी म्हणाले, "आम्ही जाऊन आलो, फार छान आहे," तर तेवढ्यावर थांबू नका. पहिला प्रश्न विचारा, "कधी गेला होता?" नळदुर्गच्या किल्ल्याचे घ्या. शाळांच्या सहली तेथे नेहमी जातात. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे, आणि बांधावरून नर-मादी हे दोन धबधबे पडतात. पावसाळ्यात नदी भरली असताना जो गेला तो त्यांचे वर्णन करताना थकत नाही. त्याच्या शब्दावर तुम्ही एप्रिलमध्ये पोरांना घेऊन गेलात तर कोरडी भिंत पाहून परत याल. सांगणारा खोटे बोलला नव्हता. त्याचा महिना वेगळा होता.

महिन्याप्रमाणे वर्षही विचारावे. आगगाडीचे आरक्षण चार महिने आधी करा, असे सांगणारे तुम्हाला अजून भेटतील. तो नियम १ नोव्हेंबर २०२४ पासून बदलला, आणि मुदत साठ दिवसांवर आली. एस.टी.चेही तसेच. पंचाहत्तर वर्षांवरील माणसांना २०२२ पासून मोफत प्रवास आणि स्त्रियांना २०२३ पासून अर्धे तिकीट, हे आता सर्वांना माहीत आहे. पण सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, ही गोष्ट अक्कलकोटहून पुढे गाणगापूरला निघालेल्या बायांना गाडीत बसल्यावर कळते. गाणगापूर कर्नाटकात आहे. दहा बायकांचा गट असेल तर तो फरक बऱ्यापैकी होतो. परत आलेल्या कोणी एकीने "हद्दीपुढचं पूर्ण तिकीट धरा गं" एवढे सांगितले असते, तर कंडक्टरशी हुज्जत झाली नसती. आणि पौर्णिमेला तेथे किती गर्दी होते, तेही तिनेच सांगायला हवे.

दुसरा प्रश्न, "कसे गेला होता, आणि बरोबर कोण होते?" हा केदारनाथच्या यात्रेला तर विचारलाच पाहिजे. आपल्या भागातून तेथे पुष्कळ माणसे जातात. करकंबची जमीन समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास, आणि केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्याही वर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जेमतेम दोन तृतीयांश उरतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. डोके दुखते, मळमळते, चार पावले चालले की दम लागतो. आता जो हेलिकॉप्टरने वर गेला आणि तासाभरात दर्शन घेऊन खाली आला, तो तुम्हाला सांगेल, "काही नाही हो, सोपं आहे." तुम्ही गौरीकुंडापासून सोळा-एक किलोमीटर चढून जाणार. त्याचा शब्द तुमच्या काय कामाचा? पंचविशीतल्या पोराने सांगितले, "एका दिवसात वर जाऊन खाली आलो," तर त्याचे कौतुक करावे आणि सल्ला पासष्ट वर्षांच्या माणसाला विचारावा. तो सांगेल की खाली गुप्तकाशी-सोनप्रयागकडे एक रात्र टेकावे, सावकाश चढावे, आणि डोके फार दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या, तर दर्शनाचा हट्ट सोडून खाली उतरावे. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या माणसाने निघण्याआधी डॉक्टरला दाखवावे, हे वेगळे सांगायला नको.

याच केदारनाथात जुना सल्ला कसा निरुपयोगी होतो तेही पाहा. जून २०१३ मध्ये मंदाकिनीला पूर आला. हजारो माणसे गेली, रामबाडा हे वाटेवरचे ठिकाण वाहून गेले आणि चढण्याची वाट पुढे नदीच्या दुसऱ्या काठाने काढावी लागली. ती पूर्वीपेक्षा लांब आहे. त्याआधी जाऊन आलेला माणूस आजही मोठ्या जिव्हाळ्याने सांगतो की रामबाड्याला बसून चहा घ्या. शिवाय आता यात्रेची सरकारी नोंदणी आधी करावी लागते. ती त्याच्या वेळी नव्हती. आणि शिक्षकांसाठी एक खास गोष्ट. केदारनाथचे दार भाऊबीजेला बंद होते. आपली दिवाळीची सुट्टी सुरू होते न होते तोच दार बंद. दिवाळीच्या सुट्टीत केदारनाथ, असा बेत आखणाऱ्यांना हे कोणी तरी वेळेवर सांगितले पाहिजे. बद्रीनाथ मात्र त्यानंतरही काही दिवस उघडे असते.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि आपल्याकडे तो विचारायला संकोच वाटतो. वाटू नये. "माणशी किती लागले?" असे सरळ विचारावे. भाड्याच्या गाडीने सहा जणांत वाटून गेलेल्याचा खर्च आणि दोघे नवराबायको गेले तर त्यांचा खर्च यांत फार अंतर पडते, हे हिशेब मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही.

विचारण्याचे झाले. पण सांगण्यात आपण जास्त कमी पडतो, असे माझे मत आहे. देवाला जाऊन आलेला माणूस आपल्याकडे तक्रार करीत नाही. खोलीत ढेकूण होते, रांगेत सात तास उभे राहावे लागले, आईला चक्कर आली, वाटेत कोणी फसवले, हे बोलले तर यात्रेचे पुण्य जाईल अशी भीती मनात असते. म्हणून तो पेढा हातावर ठेवतो आणि म्हणतो, "दर्शन झकास झालं." ऐकणारा त्याच विश्वासावर आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन निघतो, आणि त्याच रांगेत तीच चक्कर त्याच्याही आईला येते. देवाची निंदा आणि रांगेचे खरे वर्णन या दोन गोष्टी एक नव्हेत. बुवा, सात तास लागतात, आईला बसायला घडीची खुर्ची न्या, साखर-मिठाचे पाणी जवळ ठेवा, असे सांगण्यात कोणते पाप आहे?

बरे, चांगले झाले तेही नेमके सांगावे. "जेवण चांगलं होतं" याचा उपयोग कमी. "कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस टिकली, पोरांचं पोट बिघडलं नाही" याचा उपयोग जास्त. सोलापूरकडच्या माणसाला हा प्रवासाचा डबा कोणी शिकवायला नको, पण नव्याने संसाराला लागलेल्या मुलीला तो सांगावा लागतो.

येथे थोडी सावधगिरीही हवी. सहप्रवाशाशी बोलावे म्हणजे सगळेच ओतावे असे नव्हे. घराला किती दिवस कुलूप राहणार, किल्ली कोणाकडे, दागिने कोठे, पैसे कोणत्या पिशवीत, हे गाडीत मोठ्याने बोलायचे विषय नाहीत. "कुठं निघालात?" याला "नाशिककडे निघालोय" एवढे उत्तर पुरते. अनोळखी माणसाने दिलेला चहा, बिस्कीट किंवा प्रसाद डब्यात खाऊ नये; गुंगीचे औषध घालून लुटण्याचे प्रकार आगगाडीत घडले आहेत आणि रेल्वे त्याबद्दल वारंवार सूचना देते. नको म्हणताना कोणाचा अपमान होत नाही. "उपास आहे" म्हटले की आपल्याकडे कोणी आग्रह धरीत नाही. जो माणूस विचारल्याशिवाय एकाच लॉजचे किंवा एकाच दुकानाचे नाव पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचे ऐकून घ्यावे आणि दुसऱ्या कोणाला तरी विचारून मगच जावे.

आता शिक्षकांना एक सुचवितो. तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वह्या असतात. नाशिक-त्र्यंबकला आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव, गाव, आल्याची तिथी त्यांत सापडते. वंशावळीला ती वही उत्तम, पण पुढच्याला वाट दाखवायला तिचा उपयोग नाही. शाळेत किंवा गावच्या वाचनालयात एक साधी शंभर पानी वही ठेवा आणि तिच्यावर 'प्रवासवही' असे लिहा. परत आलेल्या माणसाने एक पान लिहावे. कोठे गेलो, कोणत्या महिन्यात आणि साली, कशाने गेलो, बरोबर कोण होते, माणशी किती लागले, कोठे उतरलो, काय अडले. लिहिता न येणाऱ्या आजीबाईने सांगावे आणि सातवीतल्या पोराने लिहून घ्यावे. मुलांना निबंधाला 'माझा आवडता प्रवास' हा विषय आपण वर्षानुवर्षे देतो आणि मुले कधी न पाहिलेल्या हिरव्यागार डोंगरांचे वर्णन करतात. त्यापेक्षा आजीच्या तोंडून ऐकून लिहिलेले एक पान अधिक चांगले मराठी होईल, याची मला खात्री आहे. त्यातला भूगोल खरा असतो, आणि गणितही.

वहीत प्रत्येक पानावर वर तारीख घालायला सांगा. तीन वर्षांपेक्षा जुने पान झाले की कोपऱ्यात तांबडी खूण करा. पान फाडू नका. मुक्कामाचे गाव, डोंगराचा चढ, ऋतू या गोष्टी तशाच राहतात. तिकिटाचे दर, गाड्यांच्या वेळा आणि नोंदणीचे नियम तेवढे नव्याने विचारून घ्यायचे, हे त्या खुणेवरून कळेल. आणि मुक्कामी एस.टी. रात्री गावात आली की तिच्यातून उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत चहाला बोलवा. आदल्या रात्री नको, तेव्हा तो दमलेला असतो.